वाचक विचारतात : दुधातलं औषध

गेल्या अंकात करडांच्या आहारावर लिहिताना मी एक वाक्य सहज टाकलं होतं, की अमेरिकेत बकरीच्या दुधातून माणसाचं प्रथिन काढून ते औषध म्हणून विकलं गेलं आहे. आहार राहिला बाजूला, पत्रं सगळी त्या एका वाक्यावर आली. हिंगणा-काटोलकडच्या बकऱ्या पाळणाऱ्यांची आली, नागपूर शहरातली आली, आणि एक सेमिनरी हिल्सच्या आमच्याच कॉलेजातल्या विद्यार्थ्याचंही आलं. म्हणून हे सदर या वेळी त्यांच्यासाठी. मी जनावरांची डॉक्टर आहे हे मात्र लक्षात असू द्या. माणसाच्या आजारावर औषध कोणतं घ्यायचं, हे तुमच्या डॉक्टरांनीच सांगायचं.

मॅडम, माझ्याकडे बेरारी बकऱ्या आहेत. बाजारात एक माणूस भेटला. म्हणतो, औषधी दुधाच्या जातीचा बोकड देतो, त्याच्या पाठींच्या दुधाला लिटरला हजारात भाव येईल आणि कंपनी घरून दूध उचलून नेईल. इसार मागते आहे. देऊ का?
– एक शेळीपालक, हिंगणा

देऊ नका, भाऊ. दिला असेल तर त्याचा फोन नंबर आणि काही लिखापढी झाली असेल ती घेऊन सरळ पोलीस ठाण्यात जा.

आता का ते सांगते. जात वेगळी, आणि जनुक घातलेलं जनावर वेगळं. उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी या जाती झाल्या. माणसाचं जनुक असलेली बकरी जातीतून येत नाही, ती प्रयोगशाळेत तयार करावी लागते. नुकत्याच फळलेल्या अंड्यात, एका पेशीच्या अवस्थेत, बारीक काचेच्या सुईने ते जनुक सोडायचं आणि तो गर्भ दुसऱ्या बकरीच्या गर्भाशयात ठेवायचा. असे पुष्कळ गर्भ वाया जातात तेव्हा कुठे एखाद्या करडात ते जनुक सापडतं. वाढलेल्या बकरीला इंजेक्शन देऊन किंवा खुराक घालून हे होत नाही. समजा खराखुरा तसा बोकड कुणाकडे असलाच, तरी त्याच्या साधारण निम्म्याच पिल्लांत ते जनुक उतरेल, आणि कोणत्या पिल्लात उतरलं हे रक्त तपासल्याशिवाय ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

दुसरं, आपल्याकडे अशी जनावरं बाजारात विकायला मोकळीक नाही. पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम आहेत. जनुक बदललेला जीव ठेवायचा, आणायचा, सोडायचा तर केंद्राच्या समित्यांची परवानगी लागते. तेव्हा तो माणूस एक तर थापा मारतो आहे, नाही तर बेकायदा माल विकतो आहे.

तिसरं कारण माझ्या मते सगळ्यात पक्कं. ज्या औषधाबद्दल मी लिहिलं होतं त्याचं नाव एट्रिन. त्यात अँटिथ्रॉम्बिन नावाचं माणसाच्या रक्तातलं प्रथिन असतं. ते जन्मतः कमी असलेल्या माणसांच्या शिरांत गुठळ्या होतात. ऑपरेशन किंवा बाळंतपणात तर जिवावर बेततं. युरोपने या औषधाला २००६ मध्ये आणि अमेरिकेने फेब्रुवारी २००९ मध्ये मान्यता दिली. जनुक बदललेल्या जनावरापासून काढलेलं अमेरिकेतलं ते पहिलं मान्य औषध. बनवणारी कंपनी मॅसॅच्युसेट्सची. कंपनीच सांगायची, की जेवढं अँटिथ्रॉम्बिन मिळवायला नव्वद हजार माणसांचं रक्त लागलं असतं तेवढं एक बकरी वर्षात देते. आता तुम्हीच हिशेब करा. एक बकरी इतकं देत असेल तर अख्ख्या जगाची गरज भागवायला बकऱ्या लागतील किती? एक कळप पुरतो. तोही बंदिस्त. बाहेरची बकरी आत नाही, आतली बाहेर नाही, चाऱ्याची नोंद, प्रत्येकीच्या दुधाची वेगळी नोंद. अशी कंपनी हिंगण्याला कॅन घेऊन कशाला येईल? आणि इतकं करूनही पुढे धंदा जमला नाही म्हणून ते औषध बाजारातून काढूनच घेतलं गेलं.

तुमच्या बेरारी बकऱ्या आपल्या भागातली नोंदणी झालेली जात आहे. आपल्या पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात तग धरतात. इसाराच्या पैशात पीपीआर या बकऱ्यांच्या साथीची लस आणि जंताचं औषध आणा.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, हिमोफिलिया ए आहे, रक्त लवकर थांबत नाही. फॅक्टर आठ दिलं तरी आता गुण येत नाही, इन्हिबिटर तयार झालेत असं डॉक्टर म्हणाले. दिरांनी मोबाईलवर दाखवलं की सशाच्या दुधात रक्त थांबवणारं औषध असतं. ससे पाळून त्यांचं दूध पाजलं तर चालेल का?
– एक आई, इतवारी

ताई, दिरांनी दाखवलं ते खोटं नाही, पण अर्धं आहे. असं औषध खरंच आहे. त्याचं नाव सेव्हनफॅक्ट, त्यात माणसाचा फॅक्टर सात असतो, आणि तो सशिणीच्या दुधातून काढतात. अमेरिकेने त्याला एप्रिल २०२० मध्ये मान्यता दिली आणि तीही नेमकी इन्हिबिटर झालेल्या रुग्णांसाठी. अशा रुग्णाला फॅक्टर आठ दिला की शरीर त्यालाच शत्रू समजून निकामी करतं, म्हणून मग त्याला वळसा घालून फॅक्टर सातच्या वाटेने रक्त गोठवायचं. पण ती मान्यता बारा वर्षांच्या पुढच्यांसाठी होती. तुमचा मुलगा नऊचा.

तुमचे किंवा बाजारातले ससे साधे ससे आहेत. त्यांच्या दुधात सशाचीच प्रथिनं असतात, माणसाचा फॅक्टर सात नसतो. आणि त्या प्रयोगशाळेतल्या सशिणीचं दूध जरी हाती आलं तरी ते पाजून काही होणार नाही. फॅक्टर हे प्रथिन आहे. पोटात गेलं की डाळीतल्या प्रथिनासारखंच पचून जातं, रक्तात पोचत नाही. म्हणूनच दुधातून ते वेगळं काढतात, शुद्ध करतात, शुद्ध करतानाच ते कामाच्या रूपात येतं, त्यात एखादा विषाणू राहू नये म्हणून वेगळ्या पायऱ्या असतात, आणि मग ते शिरेतून देतात. दूध काढणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. खरा खर्च आणि खरी अक्कल त्याच्या पुढे आहे.

आणखी एक. ज्याला सशाची ॲलर्जी आहे त्याला ते औषध देत नाहीत, कारण कितीही गाळलं तरी सशाच्या प्रथिनाचा अंश राहू शकतो. असं असताना घरी कच्चं दूध पाजणं म्हणजे उगाच नवं दुखणं. ससे मुलाला खेळायला हवे असतील तर आणा, पण नखं कापून ठेवा. हिमोफिलियाच्या पोराला ओरखडासुद्धा नको.

डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचारा. फॅक्टर सातचं दुसरं औषध, जे सशाशिवाय बनतं, ते मुलाला द्यायची वेळ आहे का? आणि एमिसिझुमॅब नावाचं कातडीखाली द्यायचं इंजेक्शन त्याला चालेल का? ते हिमोफिलिया ए मध्ये इन्हिबिटर असतानाही काम करतं. दोन्हींत काय देऊ नये आणि एकाबरोबर दुसरं कसं जमवावं, हे रक्ताच्या डॉक्टरांनीच ठरवायचं आहे. मागचे सगळे इन्हिबिटरचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून सोबत न्या.

मॅडम, जनुक तर प्राण्याच्या प्रत्येक पेशीत असतं. मग माणसाचं प्रथिन कासेतच का तयार होतं? आणि इन्सुलिन बॅक्टेरियात बनत असताना जनावराच्या भानगडीत पडायचंच कशाला?
– बी.व्ही.एस्सी.चा विद्यार्थी, सेमिनरी हिल्स

पहिल्या प्रश्नाचं उत्तर प्रमोटर. तुझ्या डोळ्यांच्या पेशीतही केसिनचं, म्हणजे दुधाच्या मुख्य प्रथिनाचं, जनुक आहेच की, पण डोळ्यांतून दूध येत नाही. प्रत्येक जनुकाआधी डीएनएचा एक तुकडा असतो, तोच प्रमोटर, जनुकाचं बटण. बीटा-केसिनचं बटण दाबायला प्रोलॅक्टिन आणि कॉर्टिसॉल या हार्मोन्सचे निरोप लागतात आणि ते ऐकायची तयारी असलेली पेशी कासेतच सापडते. शास्त्रज्ञांनी काय केलं, तर बकरीच्या बीटा-केसिनचं बटण काढलं आणि त्याच्या पुढे माणसाच्या अँटिथ्रॉम्बिनचं जनुक जोडलं. बाहेर पडण्याची चिठ्ठी, म्हणजे सिग्नल पेप्टाइड, त्या जनुकात असतेच. मग बकरी व्यायली, पान्हा फुटला, की केसिनच्या बरोबरीने तेही दुधात उतरतं.

हे पहिल्यांदा उंदरात करून पाहिलं, १९८७ मध्ये. रक्ताची गुठळी विरघळवणारं टीपीए हे माणसाचं प्रथिन उंदरिणीच्या दुधात मिळालं. उंदरिणीचं दूध काढायचं म्हणजे काय, हे आमच्या फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलला ज्यांनी गिनिपिग धरला आहे त्यांना कळेल. मग स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेत १९९० मध्ये ट्रेसी नावाची मेंढी जन्मली. तिच्या दुधात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम माणसाचं अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे फुप्फुस जपणारं प्रथिन होतं. जरा थांबून हा आकडा बघ. गायीच्या दुधात सगळी प्रथिनं मिळून लिटरमागे तेहतीस-चौतीस ग्रॅम असतात. ट्रेसीच्या दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण निम्मं एकटं हेच होतं, आणि तरी मेंढी धडधाकट. सगळीकडे असं जमलं नाही, बकऱ्यांत लिटरमागे काही ग्रॅमच मिळाले. पण कासेची ताकद काय आहे ते ट्रेसीने दाखवलं.

दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे. इन्सुलिन लहान आहे आणि त्यावर साखरेच्या साखळ्या नाहीत, म्हणून ई. कोलाय या बॅक्टेरियात जमतं. अँटिथ्रॉम्बिन मोठं. त्याची घडी नीट बसावी लागते आणि वर शर्करेच्या शाखा लागाव्या लागतात. बॅक्टेरियाला ते येत नाही. चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातल्या पेशी स्टीलच्या टाक्यांत वाढवून ते करता येतं, पण त्या काळी त्या टाक्यांतून प्रथिन थोडं मिळायचं आणि खर्च अफाट यायचा. कळप वाढवायचा तर मात्र बोकड आणि चारा पुरतो.

कासही हुबेहूब माणसासारखं काम करत नाही, हे परीक्षेत नाही विचारलं तरी लक्षात ठेव. बकरी जी शर्करा लावते ती थोडी निराळी असते, तिच्यात एक सियालिक आम्ल असं आहे जे माणूस स्वतः बनवूच शकत नाही. त्यामुळे बकरीच्या दुधातलं अँटिथ्रॉम्बिन रक्तात गेलं की माणसाच्या रक्तातून काढलेल्यापेक्षा लवकर संपतं, डोस जास्त वेळ चालू ठेवावा लागतो. सशात ते आम्ल नगण्य. शिवाय गाभण काळ महिन्याचा, पिल्लं भराभर, दुधात प्रथिन गायीच्या तिपटीहून जास्त. म्हणून नंतरच्या कंपन्या सशांकडे वळल्या. सेव्हनफॅक्टच्या आधी आलेलं रुकोनेस्टही सशाचंच. अंगावर अचानक सूज चढण्याचा, घसा बंद होण्याचा एक आनुवंशिक आजार आहे, त्यावर ते चालतं. युरोपात २०१०, अमेरिकेत २०१४.

तरी माझं मत विचारशील तर ही वाट अरुंदच राहणार. तीस वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी औषधं यातून आली. दरम्यान त्या स्टीलच्या टाक्या कितीतरी पटींनी सुधारल्या, आणि टाकी पाय मोडत नाही, तिला कासदाह होत नाही. तुला संशोधन करायचं असेल तर करच, पण आधी आपल्या नागपुरी म्हशीच्या कासदाहावर काही कर. त्याची वाट पाहणारे गोठे इथून वाडीपर्यंत भेटतील.

डॉली मेंढी याचसाठी बनवली होती का?
– महाल

बऱ्याच अंशी हो. अंड्यात जनुक टोचण्यात फार वाया जायचं. त्यापेक्षा पेशीतच जनुक घालायचं, तपासायचं आणि मग त्या पेशीपासून मेंढी करायची, हा रोझलिनचा विचार होता. १९९६ मध्ये जन्मलेली डॉली साधी नक्कल होती, तिच्यात माणसाचं काही नव्हतं. पुढच्या वर्षी जन्मलेल्या पॉलीत मात्र माणसाच्या फॅक्टर नऊचं जनुक होतं. ती खरी या विषयातली. नाव मात्र डॉलीचंच झालं. आपल्या कर्नालच्या संस्थेत २००९ मध्ये झालेली गरिमा ही म्हशीची पारडीही क्लोनच, औषधाच्या दुधाशी तिचा संबंध नाही.

सून म्हणते, आता गायीच्या दुधातून इन्सुलिन निघणार. मी तीस वर्षं इन्सुलिन टोचून घेते आहे. आता टोचते ते गायीचं आहे का? आणि असं दूध पंचामृतात आलं तर मला साखर उतरेल की देवाला बाटेल?
– एक आजी, धंतोली

आजी, तुमचं पत्र मी गोठ्यात दोघांना वाचून दाखवलं, राग मानू नका.

पूर्वी इन्सुलिन गायी-डुकरांच्या स्वादुपिंडातूनच काढायचे. १९२२ मध्ये टोरांटोत पहिल्या पोराला टोचलं ते जनावराचंच होतं. तुम्ही तीस वर्षांपूर्वी सुरुवात केली तेव्हा कदाचित तेच मिळालं असेल. १९८२ पासून बॅक्टेरियात बनवलेलं माणसाचं इन्सुलिन आलं. आपल्याकडे बंगळुरूच्या बायोकॉनने २००४ मध्ये यीस्टमध्ये बनवलेलं आणलं. आज दुकानात मिळतं ते बहुतेक असंच असतं. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, सुनेला वाचायला सांगा.

सून सांगते ती गाय ब्राझीलमधली. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या आणि ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये तिची माहिती छापली. दहा गर्भ ठेवले, त्यातून ही एक कालवड जगली. तिच्या दुधात माणसाचं इन्सुलिन उतरलं. पण ती गाभण राहिना, म्हणून हार्मोन देऊन तिला पान्हा आणावा लागला, आणि दूध थोडंच मिळालं. एका गायीवरून बाजार उभा राहत नाही. तिच्यापासून तुमच्या सुईपर्यंत यायला अजून फार मजल आहे.

पंचामृतातून साखर उतरणार नाही. इन्सुलिन पोटात पचून जातं, म्हणून तर सुई टोचावी लागते. उलट त्यातल्या मधाने आणि साखरेने तुमची साखर चढेल, तेव्हा चमचाभरच घ्या. आणि तसलं दूध तुमच्या दूधवाल्याच्या कॅनमध्ये येण्याची वाट नाही. देवाचं तुम्ही आणि देव बघून घ्या.

जनावराला माणसाच्या औषधाचं यंत्र करून टाकणं तुम्हाला, जनावरांच्या डॉक्टर असून, पटतं का?
– एक निवृत्त शिक्षक, धरमपेठ

सर, दुभती जनावरं पाळणाऱ्या आपण सगळ्यांनी हा प्रश्न आधी स्वतःला विचारायचा आहे. बकरी आपल्या करडासाठी दूध देते, ते आपण चहात घालतो. तेव्हा माझी कसोटी एवढीच, की त्या प्रथिनाने त्या जनावराला त्रास होतो का.

काही प्रथिनांनी होतो. कासेतलं प्रथिन थोडं रक्तात झिरपतं. अँटिथ्रॉम्बिन झिरपलं तर बकरीला फरक पडत नाही. पण रक्तपेशी वाढवणारं हार्मोन किंवा वाढीचं हार्मोन असेल तर सशिणीच्या आणि बकरीच्या अंगाला ते लागतंच. असे प्रयोग मला मान्य नाहीत, दूध कितीही सोन्याचं निघो. क्लोनिंगमध्ये वासरं फार मोठी होऊन गर्भाशयातच अडतात. अडलेली गाय मोकळी करताना ज्याचा हात खांद्यापर्यंत आत गेला आहे त्याला याचं वेगळं वर्णन लागत नाही.

दुसरी गोष्ट फारशी कुणी बोलत नाही, ती म्हणजे काम संपल्यावर त्या जनावरांचं काय? औषधासाठी जनुक बदललेलं जनावर सहसा ना विकता येतं, ना खाता येतं. ट्रेसीच्या कंपनीचा न्यूझीलंडमध्ये हजारो मेंढ्यांचा कळप होता. फुप्फुसाच्या आजारावरचं ते औषध चाचण्यांत अडलं, कंपनी बुडाली, कळप मारावा लागला. मेंढ्या निरोगी होत्या. हॉलंडच्या हर्मन नावाच्या वळूची गत जरा बरी. १९९० मध्ये जन्मलेला हा माणसाच्या लॅक्टोफेरिन या दुधातल्या प्रथिनाचं जनुक असलेला वळू. त्याच्यावरून तिथल्या संसदेत वाद झाला, कायद्याने त्याला मारायचं होतं, लोक आडवे आले, आणि तो लायडनच्या संग्रहालयात म्हातारा झाला. २००४ मध्ये सांधे फार दुखू लागले म्हणून त्याला दयामरण दिलं. तिथेच तो पेंढा भरून उभा आहे. तेव्हा मला विचाराल तर असा कळप उभा करायला परवानगी देताना त्याच्या म्हातारपणाचे पैसे आधीच बाजूला ठेवायला लावावेत. हिमोफिलियाच्या पोराच्या आईसमोर मी ‘बंद करा’ म्हणणार नाही, पण हे नक्की म्हणेन.

आमच्या घरात सिकलसेल आहे. बकरीच्या दुधात माणसाचं हिमोग्लोबिन आणून ते दिलं तर आजार जाईल का?
– उमरेड

नाही. सिकलसेलमध्ये दोष लाल पेशीच्या आतल्या हिमोग्लोबिनमध्ये असतो. बाहेरून शिरेत हिमोग्लोबिन सोडलं तरी ते पेशीच्या आत शिरत नाही, उलट मोकळं हिमोग्लोबिन मूत्रपिंडाला घातक ठरतं. दुधातलं प्रथिन तिथेच कामाला येतं जिथे रक्ताच्या पाण्यात काही कमी पडतं. सिकलसेलवर २०२३ च्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत जनुकात बदल करणारा उपचार मान्य झाला आहे. तो रुग्णाच्या स्वतःच्याच पेशींवर करतात, आणि आपल्या आवाक्याबाहेरचा आहे.

आवाक्यातलं आहे ते करा. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या असतील तर बऱ्या वाटल्या म्हणून सोडू नका. उन्हाळ्यात पाणी कमी पडू देऊ नका. घरातल्या सगळ्यांची, लहान पोरांचीही, तपासणी सरकारी दवाखान्यात करून घ्या. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान जुलै २०२३ पासून सुरू आहे, त्यात तपासणीचं कार्ड मिळतं. आणि पत्रात तुम्ही लिहिलं आहे की येत्या हंगामात धाकटीचं लग्न ठरतं आहे. तिचं कार्ड आणि मुलाकडचं कार्ड, दोन्ही साखरपुड्याच्या आधी शेजारी ठेवून पाहा.